ट्रॅकसूट संस्थेचा, मत कुणाचं?

*आक्का, नमस्कार. वय ३१. पेठेतल्या तालमीकडनं बारा वर्षं शाहू स्टेडियमवर फुटबॉल खेळलो. गुडघा गेल्यावर कोचिंगचा कोर्स केला आणि तीन वर्षांपासून एका निवासी शाळेच्या स्पोर्ट्स अकॅडमीत कोच आहे, अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर. मामांची सव्वा एकर शेती शक्तिपीठ महामार्गाच्या आखणीत जाते. गेल्या महिन्यात प्रॅक्टिस संपल्यावर ग्राउंडवरच एक रील केली. आत 'शक्तिपीठ नको' लिहिलेला टी-शर्ट, वर अकॅडमीचा ट्रॅकसूट, मागे अंडर-१४ ची पोरं. पोरांनी माझ्या मागनं घोषणा दिली. रील लई फिरली. आता संस्थेनं नोटीस दिली आहे: रील काढा, 'विद्यार्थ्यांची दिशाभूल व संस्थेची बदनामी केली' असा माफीनामा द्या आणि यापुढे कुठेही राजकीय मत मांडणार नाही असं हमीपत्र द्या. मुदत सात दिवस, नाहीतर करार वाढणार नाही. हीच संस्था गेल्या वर्षी ह्याच पोरांना ट्रॅकसूट घालून एका मंत्र्यांच्या स्वागताला दोन तास उन्हात उभं करत होती, ते चालतं. बायकोला सातवा महिना आहे. वडील म्हणतात, गप माफी माग. तालमीतली पोरं म्हणतात, लढ भावा, आम्ही हाय. काय करू?*
*– एक कोच, कोल्हापूर*

दादा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुझ्या अध्यक्षांचा राग आला. दुसऱ्यांदा थोडा तुझाही आला. तुझ्यावरचा राग आधी सांगते, म्हणजे पुढचं मोकळेपणानं बोलता येईल.

शक्तिपीठ व्हावा की नको, ह्यावर मी ह्या सदरात निकाल देणार नाही. वर्ध्याजवळच्या पवनारपासून गोव्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवीपर्यंतचा तो रस्ता आहे. तो व्हावा म्हणणारी माणसं माझ्या ओळखीत आहेत आणि बांधावर उभं राहून मोजणी अडवणारीही आहेत. सव्वा एकर जाणाऱ्या घरातल्या भाच्यानं गप्प बसावं असं मी कधीच म्हणणार नाही. माझं भांडण तुझ्यामागं उभ्या असलेल्या पोरांवरनं आहे. तेरा वर्षांच्या पोराला कोच म्हणाला भिंतीवरनं उडी मार, तर ते मारतं. तू म्हणालास 'म्हणा रे', ते म्हणाले. त्यातल्या कुणाच्या घरची जमीन जाते, कुणाचा बाप त्याच रस्त्याच्या ठेकेदाराकडं कामाला आहे, तुला ठाऊक होतं का? पालक पोरं तुमच्या भरवशावर ठेवून गेलेत. मंत्र्यांच्या स्वागताला त्यांना उन्हात उभं केलं त्याची तुला चीड आली, बरोबरच आली. पण मग तू वेगळं काय केलंस? त्यांनी पोरांना फुलं धरायला लावली, तू घोषणा द्यायला लावलीस.

म्हणून रील आजच काढ. नोटिशीची मुदत संपायची वाट बघू नकोस. आणि पालकांच्या ग्रुपवर दोन ओळी टाक: मुलांना विचारल्याशिवाय आणि तुम्हाला कळवल्याशिवाय त्यांना व्हिडिओत घेतलं, ही माझी चूक, पुन्हा होणार नाही. एवढंच. त्यात शक्तिपीठाचं नावही नको.

ट्रॅकसूटचंही तसंच. तू फुटबॉलवाला आहेस, तुला खेळाच्या नियमावलीतला चौथा नियम सांगायला नको. खेळाडूच्या अंगावरच्या साहित्यावर राजकीय, धार्मिक किंवा वैयक्तिक घोषणा चालत नाही, आणि जर्सी वर करून आतला गंजीफ्रॉक दाखवला तरी तो नियम लागतो. तू सामन्यात नव्हतास, ग्राउंडवर प्रॅक्टिस संपली होती, हे खरं. पण बोधचिन्ह छातीवर असताना तू बोललास की लोकांना संस्था बोलल्यासारखी वाटते. तोच टी-शर्ट घालून मामांच्या बांधावर उभा राहिला असतास, तर आज तुझी बाजू कितीतरी भक्कम असती.

झालं. माझं रागवायचं संपलं. आता तुझ्या बाजूनं बोलते.

माझंही एक सांगते. कबड्डी खेळायचे म्हणून एका कचेरीत नोकरी लागली होती. एका रविवारी बिंदू चौकात पाण्यासाठी बायकांचा मोर्चा होता, मी घागर घेऊन गेले. सोमवारी पेपरात फोटो, मंगळवारी टेबलावर मेमो. (घरी मी अजून 'मी गेलो, मी आलो' असंच बोलतो हं, पेठेतल्या बायका तशाच बोलतात. छापायचं म्हटलं की 'गेले' होतं.) साहेबांनी बोलावून विचारलं, खेळाडू म्हणून नोकरी दिली ती मोर्च्यात नाचायला काय? मी रडत बाहेर आले. आवक-जावकला बसणाऱ्या एका म्हाताऱ्या क्लार्कनं मला चहा पाजला आणि सांगितलं, 'पोरी, त्यांनी जे विचारलंय तेवढ्याचंच उत्तर लिही. जे विचारलेलं नाही ते लिहिलंस, तर त्याचाच दुसरा मेमो येतो.' मी लिहिलं: दिवस सुट्टीचा होता, गणवेश किंवा ओळखपत्र अंगावर नव्हतं, मागणी पाण्याची होती, कुठल्याही पक्षाचा झेंडा माझ्या हातात नव्हता. प्रकरण तिथंच मिटलं. खूप वर्षांनी एका वकिलांनी मला सांगितलं की सुप्रीम कोर्टानं १९६२ सालीच, कामेश्वर प्रसाद विरुद्ध बिहार ह्या खटल्यात, सरकारी नोकरांना सरसकट निदर्शनबंदी करणारा नियम रद्द केला होता. नोकरीत आला म्हणून माणूस आपले मूलभूत हक्क दारात ठेवून येत नाही. अर्थात संपाचा हक्क त्याच निकालात मिळाला नाही, आणि पक्षाच्या राजकारणात पडायला सरकारी नोकराला वर्तणूक नियमांनी आजही बंदी आहे.

हे सांगायचं कारण, आपल्याकडं 'खेळाडू बोलत का नाहीत' असं विचारणारे खूप असतात. त्यांनी आधी ताटं कुणाच्या घरची आहेत ते बघावं. कांबळवाडीचा नेमबाज स्वप्नील कुसाळे २०१५ पासून रेल्वेत, पॅरिस ऑलिम्पिकचं ब्राँझ नंतर आलं. नेमबाज राही सरनोबतला उपजिल्हाधिकारी पद मिळालं, जलतरणपटू वीरधवल खाडे तहसीलदार झाला. त्यांची मतं काय हा त्यांचा प्रश्न, मला त्यात पडायचं नाही. पण आपल्याकडं खेळाडूला पगार देणारं मोठं घर सरकार आहे, आणि त्या घरात तोंड उघडायचे नियम छापील आहेत. कुस्तीवाल्या पोरींचंच बघ. २०२३ मध्ये विनेश फोगट, साक्षी मलिक आणि बजरंग पुनिया दिल्लीत जंतरमंतरवर बसले तेव्हा तिघंही रेल्वेचे कर्मचारी होते. जूनमध्ये ते कामावर रुजू झाल्याची बातमी आली तशी 'आंदोलन संपलं' म्हणून बोंब उठली. साक्षीनं लगेच खुलासा केला, नोकरीही करतेय आणि लढाही चालू आहे. तिथं मागणी कुस्ती महासंघाच्या अध्यक्षावर कारवाईची होती, पक्षाची नव्हती. पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये विनेश आणि बजरंग काँग्रेसमध्ये जायला निघाले, तेव्हा त्याआधी रेल्वेची कारणे दाखवा नोटीस आली आणि दोघांना राजीनामा द्यावा लागला. महिनाभरात विनेश हरियाणातल्या जुलान्यातनं आमदार झाली. ही रेघ ध्यानात ठेव: गाऱ्हाणं मांडणं वेगळं आणि पक्षात जाणं वेगळं. तुझं अजून तरी गाऱ्हाणंच आहे. उद्या कुणी आमदारकीचा उमेदवार तुला स्टेजवर बोलवेल, हार घालेल. त्या दिवशी मला परत पत्र लिही, उत्तर वेगळं असेल.

पण तू सरकारी नाहीस, आणि तुझी अडचण तिथंच आहे. घटनेतलं भाषणस्वातंत्र्य प्रामुख्यानं सरकारला आवर घालायला आहे. खासगी संस्थेच्या टेबलावर कलम १९ आपटून अकरा महिन्यांचा करार वाचेल, ही आशा धरू नकोस. तुझ्यासाठी खरा प्रश्न असा की तुझ्या नेमणूकपत्रावर सही कुणाची आहे? शाळेची की अकॅडमी चालवणाऱ्या ट्रस्टची? ते पत्र कपाटातनं काढ, आज रात्रीच. मान्यताप्राप्त शाळेनं तुला शिक्षक म्हणून नेमलं असेल, तर खासगी शाळा कर्मचाऱ्यांसाठीचा १९७७ चा कायदा आहे. त्यात काढून टाकण्याआधी चौकशीची रीत आहे, आणि काढलं तर तीस दिवसांच्या आत शाळा न्यायाधिकरणाकडं अपील करता येतं. ट्रस्टनं नुसता 'कोच' म्हणून करारावर घेतलं असेल, तर तुझ्या हातात कराराचीच कलमं आहेत. शिक्षकाला कामगार न्यायालयाचा रस्ता नाही, तो 'कामगार' धरला जात नाही, हे सुप्रीम कोर्टानं १९८८ सालीच सांगितलंय. कोचला काय धरायचं ते वकिलाला विचार. आणि सरळ ऐक: करार मध्येच तोडला तर भांडायला जागा आहे, पण मुदत संपली म्हणून वाढवला नाही तर भांडण फार अवघड. तुझी मुदत कधी संपते हे तू पत्रात लिहिलंच नाहीस. सगळं गणित त्या तारखेवर आहे.

इंग्लंडचा जुना फुटबॉलपटू आणि बीबीसीचा निवेदक गॅरी लिनेकर, त्याचं नाव तू घेतलं नाहीस ह्याचं मला नवल वाटलं, कारण मॅचच्या दिवशी स्टेडियमबाहेर चहा घेताना इंग्लिश फुटबॉलवरच वाद घालणारी तुम्ही पोरं. मार्च २०२३ मध्ये त्यानं ब्रिटनच्या निर्वासितांबद्दलच्या धोरणावर ट्विट केलं, त्यातली भाषा तीसच्या दशकातल्या जर्मनीशी जोडली, आणि बीबीसीनं त्याला 'मॅच ऑफ द डे' ह्या फुटबॉलच्या कार्यक्रमावरनं बाजूला केलं. मग झालं काय? त्याच्या शेजारी बसणारा इयान राइट म्हणाला मी पण येत नाही, अ‍ॅलन शिअरर म्हणाला मी पण नाही, समालोचकही थांबले. त्या शनिवारी कार्यक्रम जेमतेम वीस मिनिटांचा आणि बिनसमालोचनाचा गेला. सोमवारी बीबीसीनं लिनेकरला परत बोलावलं. ह्यावरनं तालमीतली पोरं म्हणतील, बघ, नडला आणि जिंकला. अरे, तो बीबीसीचा सगळ्यात महागडा निवेदक होता, बाजूला बसवल्यावर त्याच्या घरची चूल विझणार नव्हती. आणि त्याच्या शेजारच्या खुर्च्यांवरची माणसं उठून गेली. तुझ्या अकॅडमीतला क्रिकेटचा कोच, अ‍ॅथलेटिक्सचा कोच, शिट्टी टेबलावर ठेवतील काय? विचारून बघ. दोघांनी जरी 'नोटीस मागं घ्या' अशा अर्जावर सही केली, तरी तुझं वजन दुप्पट होईल. नाही केली तर राग धरू नकोस, त्यांच्याही घरी ईएमआय आहे.

त्याच लिनेकरची दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही. मे २०२५ मध्ये त्यानं दुसऱ्याची एक पोस्ट पुढं पाठवली, तिच्यात उंदराचं चित्र होतं. यहुद्यांना हिणवायला ते चित्र पूर्वी वापरलं जायचं. त्यानं पोस्ट काढली, माफी मागितली, तरी बीबीसीतनं ठरल्यापेक्षा लवकर बाहेर पडावं लागलं. स्वतःचं मत मांडून तरला आणि दुसऱ्याचं न बघता ढकलून अडकला. तुमच्या आंदोलनाच्या ग्रुपवर दिवसाला शंभर मेसेज येत असतील. त्यातला एकही ह्या आठवड्यात स्टेटसला लावू नकोस.

आणखी एकाची आठवण काढते, कारण तो मला ह्या सगळ्यांत जास्त आवडतो. झिम्बाब्वेचा क्रिकेटपटू हेन्री ओलोंगा. २००३ च्या वर्ल्ड कपमध्ये हरारेत नामिबियाविरुद्ध तो आणि अँडी फ्लॉवर दंडाला काळी पट्टी बांधून उतरले, देशात लोकशाहीचा मृत्यू होतोय म्हणून. पण पट्टीआधी त्यांनी कागद केला होता. एका वकील-खासदाराची मदत घेऊन निवेदन शब्दाशब्दानं लिहिलं आणि मॅच सुरू व्हायच्या आत पत्रकारांना दिलं. त्यामुळं ते काय म्हणाले ह्यावर नंतर वाद घालायला कुणाला जागा उरली नाही. किंमत मात्र चुकली नाही. त्या वर्ल्ड कपनंतर ओलोंगा परत झिम्बाब्वेकडनं खेळला नाही, देशही सोडावा लागला. बॉक्सर मुहम्मद अलीसारख्यालाही १९६७ ते १९७० अशी साडेतीन वर्षं रिंगबाहेर बसावं लागलं होतं, तेही ऐन पंचविशीत. बोललास तर फटका बसणार, हे धरूनच चाल. फक्त तो तुझ्या बोलण्याचा बसू दे, तुझ्या गबाळेपणाचा नको.

म्हणून आता नोटिशीकडं ये. तिच्यात तीन गोष्टी एकाच दोऱ्यात ओवल्यात, तू त्या सुट्या कर. रील काढायची होती, काढलीस, तसं लिही. माफी दोन गोष्टींची माग, मुलांना घेतलं आणि संस्थेचा पोशाख वापरला. 'दिशाभूल' आणि 'बदनामी' हे शब्द लिहू नकोस. असा कागद एकदा तुझ्या सहीनं फायलीत गेला, की दुसऱ्या गावातल्या दुसऱ्या शाळेनं विचारलं तरी तोच बाहेर येतो. शिवाय बदनामी म्हणजे काय केलं? संस्थेबद्दल तू एक अक्षर बोललेला नाहीस. आणि हमीपत्राबद्दल लिही की संस्थेच्या आवारात, कामाच्या वेळेत, संस्थेच्या पोशाखात आणि विद्यार्थ्यांसमोर मी राजकीय मत मांडणार नाही. ही हमी मनापासून दे, चांगल्या कोचनं ती तशीही पाळावी. 'कुठेही' हा शब्द मात्र खोडायचा. मामांच्या बांधावर, ग्रामसभेत, मोजणीच्या हरकतीच्या अर्जावर तू काय बोलतोस हे अकरा महिन्यांच्या मानधनात विकत घेतलेलं नाही.

मंत्र्यांच्या स्वागताचा मुद्दा? खरा आहे, आणि म्हणूनच तो ह्या खुलाशात नको. लिहिलास की भांडण रीलवरनं उठून अध्यक्षांच्या तोंडावर जाईल आणि मग ते मागं हटणार नाहीत. समोरासमोर बोलावलं, तर जाताजाता हळूच एवढंच म्हण, 'साहेब, मुलांना कुठल्याच राजकीय कार्यक्रमाला नेऊ नये असा नियम करूया, माझी सही पहिली.' त्यांना कळतं, सगळं कळतं. आपल्या गावात नेत्याच्या वाढदिवसाच्या डिजिटल फलकावर खेळाडूंचे फोटो लागतात, टीमच्या जर्सीवर नेत्यांची नावं असतात, त्याला कुणी राजकारण म्हणत नाही. बांधावरच्या माणसाची बाजू घेतली की ते राजकारण होतं. टोलविरोधी आंदोलनाच्या वेळी एन. डी. पाटील सरांच्या मागं पेठापेठांतली तालीम मंडळं रस्त्यावर होती. तेव्हा कुणी म्हणालं नाही की पैलवानांनी आणि फुटबॉलवाल्यांनी आखाड्यात आणि ग्राउंडवरच राहावं. आणि ह्याच गावात १९५२ साली राजाराम कॉलेजचे प्राचार्य राहिलेल्या खर्डेकरांनी आपलं घर सात हजारांना गहाण टाकलं होतं, पैलवान खाशाबा जाधव हेलसिंकी ऑलिम्पिकला जावा म्हणून. संस्थाचालक तेव्हाही होते. असो.

आता घरचं. वडिलांना भित्रे म्हणू नकोस, त्यांना सुनेचा सातवा महिना दिसतोय. बाळंतपणाचा खर्च आणि चार महिन्यांचं घरभाडं एका कागदावर मांड. शिल्लक किती, बायकोशी बसून बघ. रील टाकताना तिला विचारलं नव्हतंस असं मला पत्रावरनं वाटतंय, निदान खुलासा तिला वाचून दाखव. आणि तालमीतल्या 'आम्ही हाय' वाल्यांना एकदा विचार, महिन्याच्या पाच तारखेला, घरभाडं द्यायच्या वेळी, कुठं असणार? हसतील. पण त्यातला एखादा खरंच म्हणेल की आमच्या तालमीच्या ज्युनिअर टीमला कोच पाहिजे, संध्याकाळचे तास आहेत, पैसे थोडे आहेत. ते ऐकून ठेव. पाठीशी दुसरी भाकरी असली की खुलाशातली भाषा आपोआप सरळ होते.

एवढं करूनही त्यांनी 'कुठेही'वरच अडून धरलं तर? मी तुझ्या जागी असते तर मुदत संपेपर्यंत काम केलं असतं, शेवटच्या दिवसापर्यंत वेळेवर गेले असते आणि तो शब्द असलेल्या कागदावर सही केली नसती. पण मी तुझ्या जागी नाही, आणि माझ्या घरी आता कुणाला सातवा महिना नाही. तू सही केलीस तर मी तुला पळपुटा म्हणणार नाही. फक्त सही करण्याआधी वकिलाला दाखव, आणि त्या कागदाची प्रत मागून घे.

खुलासा एक पानाच्या वर जाऊ देऊ नकोस. मराठीत लिही, तारीख घाल, दोन प्रती काढ. एक कचेरीत दे आणि दुसरीवर शिक्क्यानिशी पोच घे. शिपाई म्हणेल, 'ठेवा की सर, साहेबांना देतो.' हसून उभा राहा, पण पोच मिळाल्याशिवाय तिथनं हलू नकोस.

– आक्का